भूकंपाचे भाकीत आणि प्राध्यापक ओमोरी

स्मरणिकेच्या पानांतून आपण दरवर्षी थोरामोठ्यांची चरित्रे वाचतो. ती बहुधा यशाची असतात. संकटे येतात, नायक त्यांवर मात करतो आणि शेवटी जग त्याचा गौरव करते. यंदा मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे, त्या गृहस्थांच्या वाट्याला गौरव आयुष्यभर आला. पण आयुष्याच्या अगदी शेवटच्या दोन महिन्यांत त्यांच्या नावाला जो डाग लागला, तो शंभर वर्षांनंतरही पुरता पुसलेला नाही. जपानचे भूकंपशास्त्रज्ञ प्राध्यापक फुसाकिची ओमोरी ते हेच. भूकंप केव्हा होणार हे आधी सांगता येईल काय, या प्रश्नाने त्यांच्या सबंध आयुष्याला आकार दिला. हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रालाही परका नाही. म्हणून भगिनींनी हे चरित्र थोडे सवडीने वाचावे, अशी माझी विनंती आहे.

ओमोरी यांचा जन्म १८६८ सालच्या ३० ऑक्टोबरला फुकुई या गावी एका सामान्य स्थितीतल्या सामुराई घराण्यात झाला. त्याच वर्षी जपानात मेजी राजवट सुरू झाली. जुनी सरंजामी व्यवस्था मोडली आणि नव्या विद्येची दारे उघडली. तलवारीवर जगणाऱ्या घराण्यांतील मुले पुस्तके घेऊन तोक्योच्या वाटेला लागली. ओमोरी त्यांतलेच एक. १८९० साली ते तोक्योच्या शाही विद्यापीठाचे पदवीधर झाले.

त्या विद्यापीठात त्या वेळी जॉन मिल्न नावाचे एक इंग्रज प्राध्यापक होते. खाणकाम व भूगर्भविद्या शिकविण्यासाठी ते १८७६ साली जपानात आले. जपानची जमीन त्यांना स्वस्थ बसू देईना. १८८० साली योकोहामाला भूकंपाचा जोराचा धक्का बसला, त्यानंतर त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना गोळा करून भूकंपाच्या अभ्यासासाठी एक संस्थाच स्थापन केली. जगातली अशा प्रकारची ती पहिली संस्था मानतात. मिल्न यांनी हाकोदाते येथील एका बौद्ध मठाधिपतीच्या कन्येशी, तोने यांच्याशी विवाह केला आणि १८९५ साली तिला घेऊन ते इंग्लंडला परतले. भूकंपाचा धक्का कागदावर उतरवून घेणारी त्यांची यंत्रे पुढे जगभर गेली. आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्याच पद्धतीचे यंत्र बसविण्यात आले होते. अशा गुरूच्या हाताखाली तरुण ओमोरी तयार झाले.

शिक्षण पुरे होऊन वर्ष झाले असेल-नसेल, तोच २८ ऑक्टोबर १८९१ रोजी मध्य जपानातील मिनो व ओवारी या प्रांतांना फार मोठा भूकंप झाला. सात हजारांवर माणसे मरण पावली. पाश्चात्त्य पद्धतीने नव्याने बांधलेल्या विटांच्या गिरण्या कोसळल्या, नागारा नदीवरचा आगगाडीचा पूल खाली आला. मिदोरी नावाच्या खेड्यात तर जमीन मधोमध दुभंगून एक बाजू दुसरीपेक्षा जवळजवळ सहा मीटर, म्हणजे दुमजली घराच्या उंचीइतकी, वरखाली झाली. या घटनेने जपान सरकार हादरले. दुसऱ्याच वर्षी, १८९२ साली, सरकारने भूकंप-संशोधन समिती नेमली. तिच्यापुढे मुख्य कामे दोन होती. भूकंपाची पूर्वसूचना देता येते काय हे पाहणे, आणि देता आली नाही तरी हानी कमी कशी करता येईल हे शोधणे. ही दोन कामे आपण लक्षात ठेवू या. ओमोरींच्या पुढच्या आयुष्याची सगळी गुंतागुंत या दोहोंच्या ओढाताणीत आहे.

मोठ्या भूकंपानंतर लहान लहान धक्के बसत राहतात, हे आपल्याला ऐकून ठाऊक असते. मिनो-ओवारीतील लोकांना आठवडेच्या आठवडे असे धक्के बसत होते आणि प्रत्येक धक्क्याला ते घराबाहेर धावत होते. ओमोरी या धक्क्यांची गणती करीत बसले. रोज किती, महिन्यात किती, अशी टिपणे त्यांनी एकत्र केली आणि १८९४ साली एक साधा नियम मांडला. पहिल्या दिवशी शंभर धक्के बसले, तर दहाव्या दिवशी साधारण दहा बसतील आणि शंभराव्या दिवशी एखादाच; असे ते घटत घटत जातात, पण संपतात मात्र फार उशिरा. त्या नियमाला आजही जगभर ओमोरींचा नियम म्हणूनच ओळखतात. १८९१ च्या त्या भूकंपाच्या मागच्या धक्क्यांचा माग पुढच्या शास्त्रज्ञांनी शंभर वर्षे काढला, तेव्हाही तो नियम बहुतांशी खराच उतरला. त्या वेळी ओमोरी अवघे सव्वीस वर्षांचे होते.

यानंतर त्यांनी युरोपात जाऊन अभ्यास केला आणि परत येऊन विद्यापीठात भूकंपशास्त्राचे प्राध्यापकपद स्वीकारले. त्यांच्या कामाचा उरक थक्क करणारा होता. आडव्या झुलणाऱ्या लंबकाचे जे यंत्र त्यांनी बनविले, तेच पुढे जर्मनीतील श्ट्रासबुर्ग येथील बॉश यांच्या कारखान्यात तयार होऊन देशोदेशीच्या वेधशाळांत गेले. हलत्या फळीवर विटांचे खांब उभे करून, ते किती हलविले असता मोडतात हे त्यांनी मोजून पाहिले.

भूकंपाच्या लहरींचा त्यांनी बसविलेला एक हिशेब तर आपल्यालाही समजण्याजोगा आहे. भूकंप झाला म्हणजे आधी हलकीशी थरथर येते आणि मग जोराचा हेलकावा येतो. जवळच्या भूकंपात या दोहोंमध्ये जितके सेकंद जातात, त्यांना सुमारे साडेसातने गुणले म्हणजे भूकंप किती किलोमीटरवर झाला हे कळते. आकाशात वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आपण अंक मोजतो, त्यातलाच हा प्रकार.

जगात कोठेही मोठा भूकंप झाला की ओमोरी एक तर स्वतः तेथे जात, नाहीतर यंत्रांवरच्या नोंदी मागवून अभ्यास करीत. आपल्याकडे ४ एप्रिल १९०५ रोजी कांगडा खोऱ्यात भूकंप होऊन सुमारे वीस हजार माणसे दगावली, त्याच्यावरही त्यांनी निबंध लिहिला आहे. १९०६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने व त्यामागून लागलेल्या आगीने उद्ध्वस्त झाले, तेव्हा ते तेथे गेले. त्या काळी त्या भागात जपानी लोकांविषयी फार द्वेष होता. पडझडीची मोजमापे घेत हिंडणाऱ्या या विद्वानावर रस्त्यातल्या पोरांनी दगड मारले. दुसऱ्या एका गावी एका माणसाने त्यांच्यावर हातही टाकला. अधिकाऱ्यांनी मागाहून दिलगिरी व्यक्त केली. ओमोरींनी त्या गोष्टीचा बाऊ केला नाही आणि आपले काम पुरे करूनच ते परतले. इटलीत १९०८ च्या डिसेंबरात मेसिना शहर जमीनदोस्त झाले, तेथेही ते गेले आणि इतके मृत्यू मुख्यतः वाईट बांधणीच्या घरांमुळे झाले, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

हे वाचताना मला आपल्या किल्लारीची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गावे गाढ झोपली असता, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. उन्हाळ्यात ज्यांनी गारवा दिला, तीच त्या पहाटे अंगावर आली. मेसिनाला ओमोरींनी जे पाहिले, ते आपल्याला पंचाऐंशी वर्षांनी आपल्याच अंगणात पाहावे लागले.

आता या चरित्रातील दुसऱ्या गृहस्थांची ओळख करून दिली पाहिजे. आकित्सुने इमामुरा हे ओमोरींपेक्षा दोन वर्षांनी लहान, कागोशिमाकडचे, आणि त्याच विभागात त्यांच्या हाताखाली काम करणारे. दोघे एकाच खात्यात, पण स्वभाव निराळे. ओमोरी जपून बोलणारे व सरकार-दरबारी मान असलेले, तर इमामुरा मनाला पटले ते स्पष्टपणे मांडणारे. १८९६ साली जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर समुद्राची प्रचंड लाट येऊन सुमारे बावीस हजार माणसे वाहून गेली. समुद्राचा तळ भूकंपाने वरखाली झाल्यामुळे अशा लाटा उठतात, असे इमामुरांनी मांडले. ओमोरींना ते पटले नाही. आज आपण त्सुनामीचे जे कारण शाळेच्या पुस्तकात वाचतो, ते इमामुरांचेच आहे.

दोघांमधला खरा वाद १९०५ साली पेटला. जुन्या नोंदी चाळून इमामुरांनी पाहिले की १६४९, १७०३ आणि १८५५ या सालांत तोक्योला, म्हणजे पूर्वीच्या एदोला, मोठे भूकंप झालेले आहेत. त्यावरून पुढच्या पन्नास वर्षांत आणखी एक मोठा भूकंप येण्याचा संभव आहे, असे त्यांनी एका मासिकात लिहिले. पण त्यांच्या लेखाचा रोख सालावर नव्हता, आगीवर होता. लाकडाची व कागदाची घरे, घरोघरी रॉकेलचे दिवे आणि भूकंपात हमखास फुटणारे पाण्याचे नळ, हे सारे पाहता आग आवरता येणार नाही आणि लाखाहून अधिक माणसे मरतील, अशी भीती त्यांनी दाखविली होती. दिवे बदला, पाण्याची तजवीज करा, हा त्यांचा सांगावा होता.

१९०६ च्या जानेवारीत एका वर्तमानपत्राने त्या लेखातील आगीचे उपाय बाजूला सारले आणि विनाशाचे भाकीत तेवढे ठळक अक्षरांत छापले. त्यातून ते वर्ष जपानी पंचांगातले अशुभ वर्ष होते. साठ वर्षांच्या चक्रात एकदा 'अग्नी-अश्व' नावाचे वर्ष येते. त्या वर्षी आगी लागतात आणि त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याचे आयुष्य कमी करते, अशी तिकडे समजूत आहे. मंगळाची मुलगी म्हणून आपल्याकडे किती जणींची लग्ने अडली, हे आठवून पाहा म्हणजे या समजुतीचे बळ कळेल. साठ वर्षांनी, १९६६ साली, ते वर्ष पुन्हा आले तेव्हा तर विमाने-कारखान्यांच्या त्या देशात जन्मणाऱ्या मुलांची संख्या आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने घटली! मग १९०६ साली काय झाले असेल ते सांगायला नको. फेब्रुवारीत तोक्योला दोन-तीन धक्के बसले, कोणी खोडसाळाने दूरध्वनी करून अमुक वेळी मोठा भूकंप येणार अशी आवई उठविली, आणि लोक घरेदारे टाकून मोकळ्या जागांत जाऊन बसले.

अशा वेळी खात्याचा प्रमुख या नात्याने ओमोरींवर मोठी जबाबदारी होती. मार्चमध्ये त्यांनी त्याच मासिकात लेख लिहून, या भाकिताला शास्त्राचा आधार नाही, असे जाहीर केले. गोंधळ शमला, पण त्याचबरोबर इमामुरा खोटे बोलणारे ठरले. लोक त्यांना लफंगा म्हणू लागले. विद्यापीठात दोघांची टेबले जवळजवळ होती आणि पुढची सतरा वर्षे त्यांना एकमेकांसमोरच बसायचे होते. १९१५ साली तोक्योच्या आसपास पुन्हा लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. ओमोरी तेव्हा राज्याभिषेकानिमित्त क्योतोला गेलेले होते. बहुधा काही होणार नाही, पण सावध असावे, असे इमामुरांनी वार्ताहरांना सांगितले. पुन्हा घबराट झाली आणि परत आल्यावर ओमोरींनी त्यांना कडक शब्दांत समज दिली.

ओमोरी येथे मत्सराने वागले, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. भूकंपाच्या बातमीने घाबरलेली गर्दी काय करते, हे त्यांनी देशोदेशी पाहिले होते. ज्या भूकंपाचा दिवस सांगता येत नाही, त्याची भीती मात्र रोज घालावी, हे त्यांना गैर वाटत होते. तिथी-वार सांगण्याइतके ज्ञान आपल्यापाशी नाही हे त्यांचे म्हणणे खरेच होते, आणि आजही ते खरेच आहे. घोटाळा झाला तो पुढच्या पायरीवर. आपल्याला कळत नाही, एवढेच सांगून ते थांबले नाहीत. लोकांनी निर्धास्त राहावे, असा त्यांच्या शब्दांचा अर्थ निघाला, आणि तो त्यांनी निघू दिला. भूकंप केव्हा येईल ते ठाऊक नसणे वेगळे आणि तो येणार नाही असे मानणे वेगळे. ओमोरींसारख्या जपून बोलणाऱ्या माणसाच्या हातूनही ही रेघ पुसली गेली.

अशा आश्वासनाची किंमत काय पडते, हे १९१४ सालीच दिसले होते. १२ जानेवारीला दक्षिण जपानात साकुराजिमा हा ज्वालामुखी फुटला. आधी धक्के बसत होते, विहिरींचे पाणी बदलले होते, आणि गावच्या जुन्याजाणत्या माणसांनी गाशा गुंडाळायला सुरुवात केली होती. पण स्थानिक वेधशाळेने धोका नाही असे कळविले आणि त्यावर विसंबून मागे राहिलेल्यांपैकी काही जण प्राणाला मुकले. पुढे १९२४ साली गावकऱ्यांनी तेथे एक शिलालेख उभारला. शास्त्रावर विसंबून न राहता, चिन्हे दिसताच निघून जावे, असा त्याचा आशय आहे. तो दगड आजही शाळेच्या आवारात उभा आहे. एका वेधशाळेच्या एका शब्दामुळे गावाचा शास्त्रावरचा विश्वासच उडाला, ही त्यातली खरी हानी आहे असे मला वाटते.

१९२३ चा उन्हाळा आला. ओमोरी त्या वेळी चौपन्न वर्षांचे होते आणि प्रकृती बरी नव्हती. मेंदूतल्या एका गाठीने त्यांना पोखरायला सुरुवात केली होती. तरीही पॅसिफिक महासागराभोवतालच्या देशांच्या शास्त्रीय परिषदेसाठी ते ऑस्ट्रेलियाला गेले आणि विभागाचे काम इमामुरांच्या हवाली झाले. १ सप्टेंबरला ओमोरी सिडनीला होते. तेथील रिव्हरव्ह्यू महाविद्यालयात फादर पिगट नावाच्या धर्मगुरूंनी उत्तम भूकंप-वेधशाळा उभारली होती. ते पाहुण्यांना यंत्रे दाखवीत होते. अशात यंत्राची लेखणी हलू लागली आणि मोठमोठ्या रेघा काढू लागली. अशा रेघा वाचण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना फार वेळ लागला नाही. अंतर मांडले तेव्हा ते जपानच्याच बाजूला निघाले. सुमारे ७,८०० किलोमीटरवर आपल्या घरी काय होत आहे, हे त्यांना त्या कागदावरून कळले.

तोक्योत त्या वेळी दुपारचे बाराला दोन मिनिटे कमी होती. भगिनींनो, ही वेळ कसली ते आपल्याला वेगळे सांगायला नको. घरोघरी जेवणाची तयारी चालली होती आणि शेगड्या पेटलेल्या होत्या. भूकंपाची तीव्रता ७.९ इतकी होती. घरे पडली ती पेटत्या शेगड्यांवर. शंभराहून अधिक ठिकाणी एकदम आगी लागल्या. पाण्याचे नळ फुटले होते, आणि दूरवरून जाणाऱ्या वादळामुळे जोराचा वारा सुटला होता. आग दोन दिवस धुमसत राहिली. सैन्याच्या कपड्यांच्या जुन्या कोठाराच्या मोकळ्या पटांगणात हजारो लोक आसऱ्याला जमले. त्यांनी बरोबर गाद्या, पेट्या, घरातले सामान आणले होते. ठिणग्या पडून ते सामान पेटले, आगीचा भोवरा उठला आणि त्या एका पटांगणात सुमारे ३८,००० माणसे जळून गेली. तोक्यो, योकोहामा आणि आसपास मिळून मृत व बेपत्ता सुमारे १,०५,००० झाले. त्यांतले बहुतेक आगीत गेले. इमामुरांनी अठरा वर्षांपूर्वी जे लिहिले होते, ते जवळजवळ शब्दशः घडले.

आणखी एक काळी गोष्ट लिहिली पाहिजे. कोरियन लोक विहिरींत विष टाकीत आहेत, आगी लावीत आहेत, अशा अफवा त्या दिवसांत पसरल्या. त्या अफवांवर विश्वास ठेवून लोकांच्या टोळ्यांनी, आणि काही ठिकाणी पोलीस व सैनिकांनीही, हजारो निरपराध कोरियनांना ठार केले. ओमोरींना गर्दीच्या भीतीची भीती वाटत होती ती उगाच नव्हती. पण सतरा वर्षे लोकांची भीती दाबून ठेवल्याने लोक शहाणे झाले नव्हते, हेही त्या दिवसांनी दाखविले.

भूकंपाच्या वेळी इमामुरा विद्यापीठातील आपल्या खोलीत बसले होते. यंत्रे सांभाळणे, नोंदी वाचणे आणि वार्ताहरांना धीराने माहिती देणे, ही कामे त्या दिवशी त्यांनी केली. मी खरे सांगत होतो, असे म्हणण्याचा अधिकार त्या दिवशी त्यांच्याइतका कोणालाच नव्हता. ओमोरी बोटीने निघाले आणि ४ ऑक्टोबरला योकोहामाला उतरले, तेव्हा त्यांची प्रकृती फारच ढासळली होती. इमामुरा त्यांना भेटायला गेले. या भूकंपाची जबाबदारी माझ्याकडे येते, असे ओमोरींनी त्यांच्यापाशी मान्य केले आणि विभागाचे काम त्यांच्यावर सोपविले. बंदरावरून त्यांना सरळ इस्पितळात नेण्यात आले. ८ नोव्हेंबर १९२३ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, अर्धे शहर राखेत असताना त्यांचे निधन झाले.

इमामुरा त्यांच्या जागी आले. १९२५ साली तोक्यो विद्यापीठात भूकंप-संशोधनाची मोठी संस्था निघाली. घरे भूकंप सोसतील अशी बांधावीत असा नियम १९२४ सालीच झाला. त्याच्यामागे जे शास्त्र होते त्यात ओमोरींच्या विटांच्या खांबांवरच्या प्रयोगांचाही वाटा होता. इमामुरा स्वस्थ बसले नाहीत. पुढचा मोठा भूकंप दक्षिणेकडच्या नानकाई किनाऱ्यावर होणार असे त्यांना वाटत होते, म्हणून त्यांनी त्या बाजूला स्वतः खटपट करून वेधशाळा काढली. १९४४ आणि १९४६ च्या डिसेंबरात त्या किनाऱ्यावर दोन मोठे भूकंप झालेही. पण नेमका दिवस त्यांनाही सांगता आला नव्हता आणि लोकांनी तयारीही केली नव्हती, याचे त्यांना दुःख होते. १ जानेवारी १९४८ रोजी तेही गेले.

तेव्हापासून आजवर या विद्येने पुष्कळ मजल मारली. परंतु भाकिताच्या बाबतीत ती जेथल्या तेथेच अडून आहे. चीनमध्ये ४ फेब्रुवारी १९७५ रोजी हायचेंग येथे आधीचे लहान धक्के पाहून लोकांना घराबाहेर काढले आणि पुष्कळ प्राण वाचले. जगभर आनंद झाला. पण पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ रोजी, तांगशान शहरात काही सूचना न मिळता अडीच लाखांच्या जवळपास माणसे मेली. अमेरिकेत पार्कफील्ड गावी १९९३ पर्यंत भूकंप येणार असे गणित करून यंत्रे मांडून ठेवली. तो आला २००४ साली. जपानने १९७८ साली भाकिताच्या भरवशावर कायदा केला होता. पण खात्रीचे भाकीत शक्य नाही, असे गृहीत धरून २०१७ साली तेथील सरकारने आपली पद्धत बदलली.

असे का होते, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. कारण समजायला कठीण नाही. जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोलीवर खडकांवर ताण वर्षानुवर्षे साठत जातो. किती साठला, याचा अंदाज हल्ली उपग्रहांच्या मोजमापांनी येतो. पण खडक नेमका कोठे किती कच्चा आहे, हे वरून दिसत नाही. शिवाय लहान भूकंप आणि मोठा भूकंप यांची सुरुवात सारखीच दिसते. एक थोड्यात थांबतो आणि दुसरा पसरत जातो. किल्लारीच्या भागात १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत लहान धक्के बसले, मग ते शांत झाले, आणि जवळजवळ वर्षाने तो भयंकर भूकंप आला. त्याउलट कोयनेच्या परिसरात ११ डिसेंबर १९६७ च्या मोठ्या भूकंपानंतर लहान-मध्यम धक्के आजवर कितीतरी झाले, पण तेवढा मोठा पुन्हा झालेला नाही. आता कोणत्या धक्क्याला भ्यावे आणि कोणत्याला नाही? हे कळावे म्हणूनच आपले शास्त्रज्ञ कोयना भागात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून खडकाची प्रत्यक्ष तपासणी करीत आले आहेत.

मात्र एक गोष्ट साधली आहे, आणि तिचा धागा ओमोरींपर्यंत पोचतो. आधी हलकी थरथर व मागून जोराचा हेलकावा, हे अंतर त्यांनी मोजले होते. त्याच अंतराचा उपयोग करून जपानात १ ऑक्टोबर २००७ पासून सर्वांना इशारा देण्याची सोय झाली. पहिली थरथर यंत्राने टिपली की मोठा हेलकावा येण्यापूर्वी काही सेकंद सूचना मिळते. हे भाकीत नव्हे, कारण भूकंप तोवर झालेला असतो. पण तेवढ्या सेकंदांत गाडी थांबविता येते, शेगडी विझविता येते, मुलाला टेबलाखाली ओढता येते.

ओमोरींची आठवण निघाली की ज्यांनी भूकंप नाकारला ते प्राध्यापक, एवढेच बहुतेक लिहितात. मला तो त्यांच्यावर अन्याय वाटतो. भूकंप कसा मोजावा हे जगाला शिकविणाऱ्यांत ते होते, आणि घरे पडल्याने माणसे मरतात हे त्यांनी पुराव्यानिशी दाखविले होते. ज्या समितीत त्यांनी आयुष्य घालविले, तिच्यापुढच्या दोन कामांपैकी दुसरे काम, हानी कमी करण्याचे, भाकिताशिवायही करता येण्यासारखे होते. इमामुरा तेच सांगत होते. भाकिताच्या वादात ते मागे पडले, याची किंमत तोक्योने दिली.

अमक्या तारखेला भूकंप होणार, असा निरोप आपल्याही फोनवर अधूनमधून येतो. तारीख आणि वेळ सांगणारा असा निरोप कोणी पाठविला, तर तो तेथेच थांबवावा, पुढे पाठवू नये. पण तो खोटा ठरला म्हणून निर्धास्तही होऊ नये. उंच कपाटे भिंतीला पक्की बसविलेली आहेत का, पलंगाच्या डोक्याशी जड वस्तू ठेवलेली नाही ना, घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, गॅसच्या टाकीची कळ बंद करता येते का, एवढे आपल्या मंडळाच्या सभासदांनी आपापल्या घरी एकदा पाहून घ्यावे. नवे घर बांधताना किंवा घेताना फरशीचा रंग विचारण्यापूर्वी ते भूकंपाच्या नियमाप्रमाणे बांधले आहे का, हे विचारावे. या कामाला पंचांग लागत नाही आणि कोणा प्राध्यापकाची परवानगीही लागत नाही.